दिव्यापुरतं पाणी

कणकेचा दिवा करायला फार कणीक लागत नाही. सुपारीएवढी गोळी घ्यायची, अंगठ्यानं मधोमध दाबायची, कडेला वातीसाठी चोच काढायची. मीठ घालायचं नाही, कारण तेल संपलं की हा दिवा नदीतल्या माशांच्या तोंडी जायचा असतो. अनसाबाईंना हे काम करताना आता बोटांकडे बघावंही लागत नसे. त्या रविवारी दिवस कलताना त्या ओट्याशी उभ्या राहून दिवा वळत होत्या आणि त्यांचे कान मात्र पडवीत होते. कारण पडवीत त्यांच्या नवऱ्यानं, आनंदरावांनी, जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितलं होतं.

"मॉरिशस," आनंदराव म्हणाले.

पाटसच्या साखर कारखान्यातून ते नुकतेच निवृत्त झाले होते. शेतकी खात्यात सगळी नोकरी गेली. मांडवगणातून सकाळी मोटरसायकल काढायची, भीमेवरचा पूल ओलांडून दौंड तालुक्यात शिरायचं, लोकांच्या उसाच्या लागणी, म्हणजे नव्या लागवडी, नोंदवायच्या आणि संध्याकाळी उसाच्या पाचटानं ओरखडलेले हात घेऊन घरी यायचं. मुलगा सत्यजीत कुरकुंभच्या औषधांच्या कंपनीत शिफ्टला होता आणि बायको नीलमला घेऊन तिकडेच राहत होता. आप्पांनी आता चार दिवस फिरून यावं, असं दोघांनी ठरवलं होतं आणि कुठं जायचं ते विचारायला आज ती दोघं मुद्दाम आली होती.

"मॉरिशस?" सत्यजीत हसला. "आप्पा, दुबई म्हणा की! आमच्या प्लँटमधला सुपरवायझर जाऊन आला. उंटावर बसलेला फोटो लावून ठेवलाय त्यानं."

"दुबईत काय, वाळू. वाळू आपल्या नदीत काय कमी हाय का? म्हंजी, व्हती."

"मग नेपाळ?"

"डोंगर. माझं गुडघं न्हाई चढायचं."

"पण मॉरिशसच का?"

"बेट हाय त्ये. चारी बाजूंनी पाणी." आनंदराव जरा थांबले. "आन् मधी ऊस."

नीलमला हसू आवरेना. "आप्पा, सगळी नोकरी उसात गेली, आता सुट्टीतपण ऊसच बघणार?"

"दुसऱ्याचा ऊस बघण्यात लई सुख असतं, पोरी. नोंदवायचा नसतो." मग त्यांनी आतल्या बाजूला मान वळवली. "अगं, ऐकलं का? दोघांनी जायचं म्हणत्यात पोरं."

अनसाबाईंनी दिवा पळसाच्या पानावर ठेवला. "ऐकलं. तुम्ही जाऊन या की सत्यजीतला घेऊन. माझं हितं कोण बघणार? गाय व्यायला झालीय."

"गाय न्हाई आई आपल्याकडं," सत्यजीत म्हणाला. "दोन वर्सं झाली विकून."

पडवीत सगळे हसले. अनसाबाईही हसल्या, पण पान हातात घेऊन मागच्या दारानं बाहेर पडताना त्यांचा जीव थोडा थोडा झाला. ह्या घरात आनंदरावांनी कधी जेवणात मीठ कमी आहे म्हणून सांगितलं नव्हतं. आता एक मागितलं आणि नेमकं तेच त्यांना देता येत नव्हतं.

त्यालाही कारण आनंदरावच होते.

सत्यजीत शाळेत होता तेव्हाची गोष्ट. नदीपलीकडे एका शेतकऱ्याच्या फडात लागण मोजताना आनंदरावांच्या घोट्याला नाग डसला. माणसांनी उचलून त्यांना दौंडच्या दवाखान्यात नेलं. अनसाबाई पोहोचल्या तेव्हा ते खाटेवर निपचित पडले होते. पापण्या मिटलेल्या, जीभ पडलेली, बोट हलत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं दिलीत, आता वाट बघायची. खिडकीतून भीमा दिसत नव्हती, पण ती त्या बाजूलाच आहे हे अनसाबाईंना माहीत होतं. त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला आणि खिडकीकडे तोंड करून नवस बोलला. भीमामाय, ह्यांना घरी धाड. माझ्या जिवात जीव हाय तवर रोज सांजच्याला तुझ्या पाण्यात माझ्या हातानं दिवा सोडीन. एक दिस चुकणार न्हाई.

आनंदराव घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून दिवा सुरू झाला.

नदीला पूर आला तेव्हा देवळाच्या पायरीशी पाणी आलं होतं, तिथं दिवा सोडला. अंगात ताप होता तेव्हा मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून गेल्या. उन्हाळ्यात पात्र आटायचं, तेव्हा खडकाच्या खळग्यात ओंजळभर पाणी शोधायचं. दिव्यापुरतं पाणी भीमेनं कधी नाही म्हटलं नाही.

पण रात्र कुठं बाहेर काढायची म्हटलं की पंचाईत. कारखान्याची सहल तिरुपतीला निघाली, तेव्हा अनसाबाईंचं पोट दुखलं. भाचीच्या लग्नाला नाशिकला गेल्या, त्या अक्षता पडल्याबरोबर एसटी धरून अंधार पडायच्या आत परत. सत्यजीतकडे कुरकुंभला तर दुपारच्या जेवणापुरत्याच. भावकीत बायका म्हणायच्या, "अनसाला चूल सोडवत न्हाई." त्या ऐकून घेत. खरं सांगायची सोय नव्हती. त्यांच्या आईनं लहानपणीच सांगून ठेवलं होतं की ज्याच्यासाठी नवस बोलावा त्याच्या कानावर तो जाऊ देऊ नये. त्याला कळला की नवस उतरतो. आनंदराव जिवंत होते, हिंडत-फिरत होते, आणि अनसाबाईंच्या लेखी ते त्या कणकेच्या दिव्यावर उभे होते. फुंकर घालायची हिंमत कुणाला होणार?

त्या रविवारनंतर आनंदरावांनी एक नवंच सुरू केलं. हट्ट नाही, रागावणं नाही. येता-जाता एखादं वाक्य टाकायचं आणि आपण त्या गावचेच नाही असं बसायचं.

सकाळी चहा पिताना म्हणाले, "तिथं गणपतीला सरकारी सुट्टी असती म्हणं."

"कुठं?"

"मॉरिशसला."

दुपारी ताटावर बसल्यावर, "मराठी माणसं हायती तिथं. लई पिढ्या झाल्या जाऊन. अजून आरत्या म्हणत्यात."

"असतील. भाजी वाढू?"

"वाढ. शाकाहारी जेवणबी मिळतं. मी बघितलं."

"कुठं बघितलं?"

"फोनात."

ज्या माणसानं फोनवर पावसाच्या अंदाजापलीकडे काही पाहिलं नव्हतं, तो आता चष्मा नाकावर ओढून तासन् तास फोनात बसू लागला. एक दिवस सांगितलं, की तिथं डोंगरात एक तळं आहे, त्याला गंगाच मानतात, महाशिवरात्रीला लोक पायी जातात. एक दिवस म्हणाले, आपल्या लोकांना व्हिसाची कटकट नाही. मग एकदा, अनसाबाई तुळशीला पाणी घालत असताना, पायरीवर बसून हळूच म्हणाले, "तिथल्या लोकांच्या दारात तुळस असती बग."

अनसाबाईंचा तांब्या हातात तसाच राहिला. सत्यजीत दाखवायचा ते निळे किनारे, काचेच्या तळाची होडी, पाण्यात उतरलेली घरं, ह्यातलं आनंदराव काहीच बोलत नव्हते. प्रत्येक कारण कसं अनसाबाईंच्या मापाचं शिवलेलं होतं. गणपतीचं, आरतीचं, तुळशीचं. एवढं मन लावून हा माणूस आपल्याला बोलावतोय आणि आपण रोज गाय व्यायला लावतोय, ह्या विचारानं त्यांना घास गोड लागेना.

संध्याकाळी नदीच्या वाटेवर त्यांनी सुरेखाजवळ मन मोकळं केलं. सुरेखा त्यांची जुनी मैत्रीण, बौद्धवाड्यात राहणारी. अंगणवाडीत नोकरी करून आता घरी होती. नवस-सायास ती मानत नसे. पण गुडघ्याला चालणं चांगलं म्हणून रोज नदीपर्यंत सोबत असायची. तापात आधार दिला होता तोही तिनंच. आणि पहिल्या वर्षी चार दिवसांच्या अडचणीत दिवा कसा सोडू म्हणून अनसाबाई रडकुंडीला आल्या, तेव्हा "नदीला कसला आलाय विटाळ, ती काय सोवळं नेसून वाहती व्हय?" असं म्हणून हात धरून नेणारीही तीच. गावात नवसाचं माहीत असलेलं माणूस हे एकच.

"जा की मग," सुरेखा म्हणाली. "दिवा मी सोडते तुझ्याऐवजी."

"न्हाई गं. माझ्या हातानं म्हणून बोललेय मी. आन् तू तर मानत न्हाईस."

"दिवा न्हाई मानत. तुला मानती की."

अनसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले, पण मान हलली ती नकारानंच.

सुरेखानं वाटेतली बाभळीची फांदी पायानं बाजूला केली. "एक सांगू का ताई? राग मानू नको. नवस करून माणूस जगवलास. आता त्याला जरा जगू दे."

रात्री पोथी वाचताना त्यांचं दोनदा ओळीवरून बोट घसरलं. एका बाजूला त्यांचा शब्द होता, दुसऱ्या बाजूला त्यांचा माणूस. शेवटी त्यांनी ठरवलं. माणूस राहिला तर रुसेल तरी. उद्या सरळ नाही म्हणून सांगायचं, म्हणजे रोजचं हे बोलावणं तरी थांबेल.

दुसऱ्या दिवशी दिवा वळून त्या मागच्या दाराशी आल्या, तर आनंदराव पायात चपला घालून उभे.

"मी येतो आज."

इतक्या वर्षांत ते कधी नदीवर आले नव्हते. बायको रोज नदीला दिवा लावते एवढंच त्यांना माहीत, बायकांचे नेम असतात तसा एक नेम. "कशाला? गुडघं दुखतील."

"दुखू दे. घरी बसूनबी दुखत्यातच."

सुरेखा वाटेवर वडाखाली उभी होती. दोघांना बरोबर पाहून तिनं भुवया उंचावल्या, "माझं आज दळण हाय," म्हणाली आणि हातात दळणाची पिशवी नसताना मागे फिरली.

नदीला पाणी होतं, पण दिसत नव्हतं. ह्या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी माजली होती, वरून चालत जावं अशी हिरवी. अनसाबाई रोजच्या खडकाशी गेल्या. कालपर्यंत तिथं पाण्याचा एक तुकडा मोकळा होता. आज तोही झाकला गेला होता. त्यांनी पान खाली ठेवून हातानं वेल ओढायला सुरुवात केली. ओढावं तितकं पुढून सरकत यायचं.

"थांब," आनंदराव म्हणाले. त्यांनी काठावरचं एक लांब दांडकं घेतलं, खडकावर सावकाश बसले आणि जलपर्णी लोटून धरली. ताटाएवढं काळं पाणी उघडं झालं. "हं. दिव्यापुरतं झालं बग."

अनसाबाईंनी वात पेटवली. पान पाण्यावर ठेवलं. दोन्ही हात जोडले. दिवा त्या ताटाएवढ्या पाण्यात शांत राहिला, कारण आनंदरावांनी दांडकं हलू दिलं नाही.

मग त्या न वळता म्हणाल्या, "मला न्हाई जमायचं यायला. का ते इचारू नका."

"इचारत न्हाई. सांगतो." आनंदरावांचा आवाज नेहमीसारखाच होता. "दौंडच्या दवाखान्यात माझं डोळं उघडत नव्हतं. जीभ उचलत नव्हती. पर कान शाबूत व्हतं, अनसा. नागाचं इख तसंच असतं, डाक्टर मागून म्हणला. माणूस मेल्यावाणी पडतो आन् समदं ऐकतो."

अनसाबाई गर्रकन वळल्या.

"तू माझा डावा हात धरला व्हतास. बांगड्या गार व्हत्या. भीमामाय म्हणालीस, ह्यांना घरी धाड म्हणालीस, दिव्याचं बोललीस. आन् मग जरा दम घेऊन म्हणालीस, 'आन् ह्यांनाबी काय खाली बघून चालता येत न्हाई व्हय, सदा आपली मान वर.'"

ते शेवटचं त्या विसरूनच गेल्या होत्या. आता ऐकलं आणि दवाखान्यातला फिनेलचा वाससुद्धा आठवला. पण त्याच्या मागोमाग आईचं सांगणं मनात आलं. "म्हंजी तुम्हाला... मग नवस तर..."

"उतरला म्हणतीस?"

अनसाबाईंनी मान डोलावली.

"अगं, बोलताक्षणीच माझ्या कानात पडला त्यो. उतरायचा असता तर तवाच उतरला असता. आन् बग की, बसलोय तुझ्यापुढं. गुडघं सोडलं तर काय बिघडलंय?"

जलपर्णीत कुठंतरी पाणकोंबडी ओरडली. अनसाबाई खडकावर त्यांच्या शेजारी बसल्या.

"मग इतकी वर्सं बोलला का न्हाईत?" त्यांनी विचारलं.

"तुझी आई काय सांगून गेली ते मलाबी ठावं हाय. तू भ्यायली असतीस. एक-दोनदा राग आला, न्हाई असं न्हाई. तिरुपतीच्या टायमाला लई आला. तशातच एकदा पुलावरनं येताना तू दिसलीस. नदीत चिखल, गुडघाभर रुतलेली, आन् पदरानं दिवा झाकून चाललेली. गाडी थांबवून बघत बसलो. म्हणलं, आपल्या पायी चाललंय हे. आपुन कोण रागावणार?"

अनसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"आता माझं ऐक," आनंदराव म्हणाले. "दुबई का नको म्हणलो? नेपाळ का नको? भीमा कुठं जाती?"

"खाली. कृष्णेला मिळती."

"आन् कृष्णा?"

"समुद्राला."

"आन् समुद्र काय पाटबंधाऱ्याचा हाय, कुणी दारं घालून अडवलाय? समदं पाणी एकच. म्हणून मी बेट हुडकलं. तिथं कुठल्याबी दारातनं भाईर पड, कुठल्याबी अंगाला चाल, म्होरं पाणी हायच. आन् जे पाणी हाय त्यात तुझी भीमा हाय. दिवा चुकायची भीतीच न्हाई. जायच्या दिशी हितं दिवा सोडून मुंबईला निघायचं. रात्री इमान. दुसऱ्या दिशी दिवस बुडायच्या आत आपुन समुद्रावर. मी पोराकडनं टायमं काढून घेतल्यात."

अनसाबाई ऐकत राहिल्या. नवस त्यांनी बोलला होता, पण तो इतकी वर्षं दोघांनी पाळला होता, हे आत कुठंतरी हळूहळू झिरपत होतं. दिव्यातलं तेल संपलं, ज्योत एकदा मोठी झाली आणि विझली. पान कलंडलं. खालून मासा आला असावा, पाण्याला एक वळी पडली.

"आन् ऊस?" त्यांनी विचारलं.

"ऊसबी बघायचाय," आनंदराव म्हणाले. "खोटं कशाला बोलू?"

त्या हसल्या. रडता रडता हसल्या, त्यामुळं त्यांना उचकी लागली. मग उठून नवऱ्याला हात देत त्या म्हणाल्या, "तिथल्या माशांना कणीक चालती का बघा फोनात."

तिथं पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी ती दोघं समुद्रावर गेली. विमानतळावरून येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस होता आणि आनंदराव गाडीच्या काचेला नाक लावून "खोडवा हाय... हां, ही नवी लागण..." असं बोलत आले होते. कणीक तिथल्याच दुकानातली घेतली. वाती मात्र घरून आणल्या होत्या. पळस मिळाला नाही, हॉटेलच्या माळ्यानं केळीच्या पानाचा तुकडा दिला.

वाळूवर पोहोचतात तोच फोन वाजला. व्हिडिओ कॉलवर सुरेखा होती. तिच्यामागे अंधार दिसत होता, कारण गावाकडे दिवेलागण होऊन गेली होती.

"पोचलीस का गं? कसं हाय?"

"लई पाणी हाय सुरेखा," अनसाबाई म्हणाल्या.

"बरं. मी आपला सोडला हितं एक दिवा. मानत न्हाई मी, पर माशांना सवय लागलीय. उपाशी कशाला ठेवा?" आणि तिनं अनसाबाई काही बोलायच्या आत फोन ठेवला.

अनसाबाईंनी वात पेटवली. वाकून पान पाण्यावर ठेवलं आणि हात जोडणार, तेवढ्यात बारीकशी लाट आली आणि दिवा उचलून त्यांच्या पायाशी आणून टाकला. त्यांनी पुन्हा ठेवला. पुन्हा परत आला. नदी दिवा घेऊन जाते; समुद्राची ही रीत त्यांना माहीत नव्हती. वात भिजली. त्यांचा चेहरा उतरला. "घेत न्हाई हो," त्या पुटपुटल्या.

आनंदरावांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला. उजव्या घोट्यावर नागाच्या दातांची जुनी खूण होती. ते पाण्यात चार पावलं आत गेले, किनाऱ्याकडे पाठ केली, पाय जुळवून उभे राहिले आणि खाली वाकून दोन्ही हातांचा आडोसा धरला. लाट त्यांच्या नडग्यांवर येऊन फुटली. त्यांच्या पायांमागे, टाचांशी, ताटाएवढं पाणी निवांत झालं.

"ठेव," ते म्हणाले.

अनसाबाईंनी कोरडी वात घातली, ती पेटवली आणि दिवा त्या पाण्यात ठेवला. तो तरंगला. लाटा येत होत्या, आनंदरावांच्या नडग्यांवर फुटत होत्या, आणि दिवा त्यांच्या टाचांशी हलके हलके डोलत होता. मागं उसाची पाती सळसळत होती.

"अगं, किती वेळ असं वाकून राहू? गुडघं बोलायला लागलं."

"तेल संपंस्तवर," अनसाबाई म्हणाल्या. लुगड्याचा काठ वर खोचून त्या पाण्यात शिरल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन त्यांनीही आडोशाला हात धरला.